मुका माज

मुंबईत तबेल्यात वगार कुणी वाढवत नाही.
पारडी झाली की तिच्या वाट्याचं दूध
कुणाच्या तरी चहात जातं,
आणि पारडी कुठे जाते ते विचारू नये.
ही वाचली कपाळावरच्या पांढऱ्या ठिपक्यामुळे.
रामसूरत तिला टिकुली म्हणतो.
माझ्या वहीत ती टॅग चारशे सतरा,
वय छत्तीस महिने, माजाची नोंद: नाही.

'वांझ आहे का तेवढं बघा, डॉक्टरबाई,'
कासमशेठ खुर्चीतून न उठता म्हणतात,
'शुक्रवारी गाडी येतेच आहे.'

खांद्यापर्यंत हातमोजा, वर साबणाचं पाणी.
परळच्या कॉलेजात हा हात शिकला
देवनारहून बादलीतून आलेल्या गर्भाशयांवर.
ट्रेमध्ये थंड, राखाडी.
सर म्हणायचे, डोळे मिटा, इथे त्यांचा उपयोग नाही.
मग जिवंत म्हशीत पहिल्यांदा हात गेला
आणि मला नुसती ऊब कळली,
बाकी सगळी आकृती विसरले.

आता बोटं ओळखतात.
शेण बाजूला, हाडाची कड,
गर्भाशयाची दोन शिंगं, खाली वळलेली,
हात लागताच जराशी ताठरणारी.
डावं बीजांड वालाच्या दाण्याएवढं, गुळगुळीत.
उजव्यावर
थांबले.
छोटासा उंचवटा. पीतपिंड.
म्हणजे बीज सुटून गेलंय.
म्हणजे ही वयात आली आहे
आणि तिनं कुणाला कळू दिलं नाही.

मुका माज म्हणतात याला.
गाय हंबरते, दुसरीच्या पाठीवर चढते,
गोठा डोक्यावर घेते.
म्हैस रात्रीच्या गारव्यात
बाकीच्या रवंथ करत असताना
जराशी अस्वस्थ होते, बस्स.

माज.
तेराव्या वर्षी काकाला उलट बोलले
तेव्हा अख्ख्या मजल्यानं ऐकलेला शब्द.
'फार माज आलाय हिला.'
आई गप्प.
महिन्याभरापूर्वी जुन्या साडीच्या घड्या
माझ्या हातात देतानाही ती अशीच गप्प होती.
पुढे कॉलेजात तोच शब्द फळ्यावर, खडूनं:
माज, कालावधी बारा ते चोवीस तास.
शेवटच्या बाकावर मी एकटीच हसले.

रामसूरत फावडं भिंतीला टेकवतो.
'एका रात्री चारा खाल्ला नव्हता हिनं.
शेपूट बाजूला, थेंबथेंब मुतत होती.
फिल्मसिटीकडे शूटिंगचे मोठे दिवे होते,
म्हटलं, उजेडाला बुजली.
सकाळी मागून काचेच्या दोऱ्यासारखं लोंबत होतं.
मी पाइप मारून धुऊन टाकलं.'
कधी?
'गणपती जायच्या आदल्या रात्री.'
नऊ दिवस.
एकवीसातून नऊ गेले.

'मग बारा दिवसांनी भरवाल?' कासमशेठ आता उठले आहेत.
मी छातीला टेप लावते. दोनशे अडुसष्ट किलो.
नाही, म्हणते. अंगानं लहान आहे अजून.
बीज सुटलं म्हणून आई व्हायचं बळ आलं असं नाही.
चाळीस-पन्नास किलो चढू द्या,
दोन-तीन माज जाऊ द्या.
'आणि तोवर पेंड? तुमच्या सरकारकडून?'
माझ्याकडे याला उत्तर नाही.
मी वहीतलं 'नाही' खोडते,
वर लिहिते: आहे, मुका.
खाली, कुणी विचारलेलं नसताना:
वांझ नाही.
ते वाचतात. वही परत देतात. गाडीबद्दल बोलत नाहीत.

नळावर मी कोपरापर्यंत हात धुते.
टिकुली मान वळवून पाहते,
मग पाहत नाही, कडब्यात तोंड घालते.
रामसूरत मागे येऊन हळूच विचारतो,
'बारा दिवसांनी रात्री जागू?'
जागा, म्हणते.
काही करायचं नाही, नुसतं बघायचं.
तो मान हलवतो, चार पावलं जातो,
परत येतो.
'आणि सकाळी धुवायचं नाही ना?'