भोंग्याआधी

चार नंबरला सिन्नर फाट्याचा वेल्डर, निवृत्ती गांगुर्डे.
टाचेत खिळा गेला, तंबाखू दाबली, विसरला.
आता पाठ खाटेवरून सुटते, कमान होते.
धनुर्वात म्हटलं, की अर्थ कुणी विचारत नाही.
खिडकीला काळं कापड. मी चपला काढून चालते.
बाहेर कुणी ताट पाडलं
तरी त्याचं सगळं अंग ओरडतं,
जबडा सोडून.

सातला जेल रोडच्या कुमुदिनीबाई.
फुगलेल्या डब्यातले मशरूम. "वास तर नव्हता हो,"
म्हणाल्या होत्या, जीभ चालत होती तोवर.
त्यांच्या भावाला मी तीनदा लिहून दिलं: बोट्युलिझम.
पापणीही उचलत नाही त्यांना. मी बोटानं उचलते,
तर आत बाई
लख्ख जाग्या.

डॉक्टर म्हणतात, सख्ख्या बहिणी ह्या,
वाऱ्याला भिणाऱ्या, मातीत वर्षानुवर्षं निजणाऱ्या.
एकीचं विष नसांना 'पुरे' म्हणू देत नाही,
दुसरीचं 'ऊठ'.

मला एवढंच कळतं:
पहाटे प्रेसचा भोंगा व्हायच्या आत
चारची खिडकी घट्ट लावायची,
गादीची चिंधी फटीत कोंबायची,
आणि धावत येऊन
सातची सताड उघडायची.
ऐका, बाई. सात वाजले.