चिखलाचा कॅट

साठ पत्ते. एकही कमी चालत नाही.
फेरीबोट अजून पलीकडे रायबंदरला,
चोडणच्या धक्क्यावर मी स्कूटरच्या सीटवर
कॅट पुन्हा मांडतो,
वाऱ्याचा भरवसा नाही म्हणून वर हेल्मेट.

साईश म्हणाला, काका, ड्रॅगन तरी ठेवा,
एकटा दहांना पुरून उरतो.
ठाऊक आहे. पावणेदोन हजारांना घेतलाय तो,
घरी सांगितलं, स्कूटरचं काम निघालं.
पण खाजनात ड्रॅगन कुठला?
आणि आलाच, तर खाईल काय,
कुर्ल्या?

तेवीस दलदली लागतात.
परदेशातल्या चित्रकारांना कोणी सांगितलंय कोण जाणे,
दलदल म्हटली की कवटी हवी,
वठलेलं झाड हवं, हिरवा धूर हवा.
चार महिने मी शोधत होतो
निव्वळ चिखल असलेला चिखल.
एकवीस मिळाले. दोन कवट्या राहिल्या,
त्यांना मी नारळ समजतो.

मग भिंती. त्या मारत नाहीत, नुसत्या उभ्या असतात.
मग कुर्ल्या, एका शिक्क्याच्या, स्वस्त.
बाबांना दाखवली एक. चष्मा कपाळावर चढवून
बराच वेळ बघितली, म्हणाले,
दोन्ही नांग्या सारख्या काढल्यात,
ही जेवणार कशी?

आणि एक झडप.
पत्त्यावर तिचं नाव काहीतरी भारदस्त आहे,
काम एवढंच:
दर डावाला, टाकून दिलेल्यांतलं एक परत हातात.
मी तिला मानस म्हणतो.
बांधातलं ते लाकडी दार,
भरतीला आपोआप मिटणारं, ओहोटीला उघडणारं,
जिच्या राखणीला बाबा रात्री-बेरात्री
कंदील घेऊन जात आणि पहाटे
शेवटे घेऊन येत, ओल्या पिशवीत अजून उडणारे.

सातवीत निबंधात लिहिलं होतं,
'रात्री आमची मानस फुटली.'
बाई घाटावरच्या. लाल शाईनं त्यांनी केलं, 'आमचा मानस',
आणि खाली, मानस फुटत नसतो.
त्या साली कोरगुटाच्या कणसात
दाणा धरला नव्हता.
पुढच्या साली शेतात खारफुटी.
आता तिथं बगळे आहेत, फोटो काढणारे आहेत.

मळ्यात, बेकरीच्या माडीवर, दर शनिवारी
व्हेलेंसिया समोर बसते. नववीत आहे.
तिचा कॅट लाल: ठिणगी, वणवा, उल्का,
चौथ्या डावात माझा निकाल.
सात शनिवार, एक जिंकलो.
तो डाव पावणेदोन तास चालला,
खालून पावाचा वास येत राहिला,
तिनं पेटवलं ते मी विझवलं नाही,
फक्त ओलं करत गेलो,
भिंतीमागे भिंत, टाकलेली कुर्ली परत, पुन्हा परत.
शेवटी तिचे पत्तेच संपले.
म्हणाली, काका, तुमच्याशी खेळलं की भूक लागते.
याहून मोठी दाद मला
वीज खात्यात तीस वर्षांत मिळालेली नाही.

एक सुसर हवी होती.
खेळात आहे, पण चिलखत घातलेली, मुकुटवाली.
मला हवी होती पौषातली,
बांधावर मातीची थापतात ती,
पाठीवर शिंपल्यांचे खवले,
जिला आधी नमस्कार करायचा, मग म्हणायचं
बांध राख.
हातानं काढलेले पत्ते चालत नाहीत.
नियम वाचला मी. दोनदा.

बोट लागली. फळी आपटली.
हेल्मेट डोक्यावर घेतलं, एवढंच,
तेवढ्यात वाऱ्यानं एक पत्ता उचलला
आणि धक्क्याच्या पायरीखाली, ओहोटीत
उघड्या पडलेल्या गाळात
उताणा ठेवला.
कुर्ली.
मागच्या पिकअपनं हॉर्न मारला.
तिच्या शेजारच्या भोकातून एक खरी
अर्धी बाहेर आली, तिरकी उभी राहिली.
उजवी नांगी मोठी होती.

मध्य नदीत मोजले. एकोणसाठ.
खिशात ड्रॅगन आहे.
नको ते आत आणून सोडायची
भरतीला जुनी खोड आहे.
घातला,
कवटीवाल्या दोन पत्त्यांच्या मध्ये,
आणि पिसायला लागलो.