ऋण काढून नळ

खंडेराव मार्केटच्या मागच्या जिन्याने वर आलं
की झेंडूचा वास दुसऱ्या मजल्यापर्यंत सोबत येतो
आणि हिशेब शाखेच्या दारात थबकतो.
आत फायलींचा वास. दोघांचं पटत नाही.

माझ्या टेबलावर एक नळ आहे,
अकरा किलोमीटर लांब,
महीच्या काठावरून निघून छाणीच्या टाकीत उतरणारा.
तीन वर्षं मी तो फक्त रकान्यात पाहिला:
स्थावर मालमत्ता, खाली घसारा,
सरळ रेषेची पद्धत, आयुष्य तीस वर्षं.
दर एकतीस मार्चला मी त्याचा तिसावा भाग पुसते.
तो जमिनीखाली
ढिम्म हलत नाही.

आई म्हणते, ऋण काढून सण करू नये.
तिने चकलीची भाजणीसुद्धा कधी उधार आणली नाही.
तिला रोखे समजावून सांगायला बसले होते:
शहर कागद विकतं, लोक विकत घेतात,
दर सहा महिन्यांनी व्याज, दहा वर्षांनी मुद्दल.
मेथी निवडता निवडता तिने विचारलं,
गहाण काय ठेवलंत?
वेरा, म्हटलं. लोकांचा घरवेरा.
त्यांना विचारलंत?

मुंबईहून पत ठरवणारे दोघे आले.
दोन-दोन ग्लास पाणी प्यायले,
कुठलं ते विचारलं नाही.
विचारलं: शंभरातले किती भरतात? किती उशिरा?
महिन्याने पत्र आलं, तळाशी एक शब्द:
स्थिर.
वासावडासाहेबांनी पेढे वाटले.

हसुमती फुलवाली खालून येते वेरा भरायला,
नोटा ओल्या, एकीला पाकळी चिकटलेली.
बेन, हे जातं कुठे?
खिडकीवर गर्दी नव्हती म्हणून खरं सांगितलं.
आधी एका वेगळ्या खात्यात,
ज्याला आयुक्तांनाही हात लावता येत नाही.
तिथून व्याज. मग मुद्दलासाठी थोडं बाजूला.
उरलं तर बाकीचं शहर.
मग नळ आमचा कधी?
मशीनने पावती छापायला वेळ लावला.
सात वर्षांनी, मी म्हटलं.
आणि पाणी?
पाणी आत्ताच.
ती हसली. म्हणजे सुनेसारखं,
काम आधी, हक्क नंतर.

मी दोन वर्षांनी निवृत्त होईन.
शेवटच्या हप्त्यापुढची टिक दुसऱ्याच कुणाच्या पेनाची.
नळाची तेव्हा वीस वर्षं उरलेली असतील,
बिनव्याजी.
त्या वीस वर्षांचा मला का कोण जाणे
मत्सर वाटतो.

गेल्या रविवारी छाणीला उतरले.
टाकीखाली, कुंपणाच्या आत,
काळ्या लोखंडाचा हातभर तुकडा वर आलेला.
तळवा ठेवला. गार. आतून घरघर.
व्हॉल्व्हवाला तडवी म्हणाला, काय काम होतं?
काही नाही, म्हटलं. ताळेबंदात आहे, बघायला आले.
त्याने मला नीट पाहून घेतलं.
मग बोटाने दाखवलं: हा सांधा गळतो, दोनदा लिहून दिलंय.
हे आहे का तुमच्यात?

नव्हतं.
खाली डबकं झालं होतं, एक कुत्रं तिथे पीत होतं,
आम्ही दोघं तिथे असूनसुद्धा
सावकाश.