फॉर्म लागत नाही

उंदरांची खोली मार्चमध्ये रिकामी झाली.
गोमा मढवींनी पिंजरे धुतले, उन्हात उलटे घातले,
आणि नंतरही सवयीने
सात वाजता येऊन तिथला दिवा लावत राहिले.

आता महाप्याच्या या गाळ्यात अळ्या आहेत,
मेणकिड्याच्या.
मुरबाडचा मधपाळ डबा भरून देतो, हसतो:
"माझ्या पेट्या खाल्ल्या हिनं. अन् तुम्ही पैसे देऊन नेता!"

कोंडा, मध, ग्लिसरीन. सदतीस अंश.
माणसाच्या अंगाची ऊब सोसते तिला,
म्हणून तर ती.

माझ्याकडे दोन अमिबा:
एक कोपरखैरण्याच्या एका सोसायटीच्या टाकीतला,
दुसरा त्याच सोसायटीतल्या मुलीच्या
डोळ्यातून खरवडलेला.
भिंगाखाली जुळे.
तेच सावकाश पाय काढणं, तेच थांबणं.
मारणारा कोण, हे चेहऱ्यावरून कळत नाही,
आणि यांना तर चेहराही नाही.

म्हणून शेवटचा डावा पाय हेरायचा,
सुई तिरकी, दहा मायक्रोलिटर.
ती चावत नाही. तिला आवाज नाही.
उंदरामागे सतरा पानं होती, प्रत्येक पानावर माझी सही.
हिच्यासाठी पेनाचं टोपण काढावं लागत नाही.
सोपं झालंय काम. सोपं झालंय, हे मी
घरी कुणाला सांगितलेलं नाही.

रात्रीत काळी पडते ती. आधी ठिपके,
मग अख्खी, जळक्या वातीसारखी.
हे विष नव्हे, तिचंच लढणं आहे,
असं नव्या पोरांना समजावते,
आणि ब्रशनं हळूच ढोसते:
हलली. हलली. नाही.

टाकीतल्याच्या वीसपैकी अठरा हलल्या.
डोळ्यातल्याच्या, तीन.
आलेख काढला. दोन रेघा, जुळे संपले.
जगलेल्यांनाही शेवटी उणे वीसमध्ये ठेवतात;
ठेवल्या. मोजताना एक कमी भरली,
क्रमांक नऊ, नुसतं मिठाचं पाणी टोचलेली.
वहीत रकाने दोनच: जिवंत, मृत.
मी कोरा सोडला.

दिवाळीची सुट्टी संपवून आले
तर उंदरांच्या खोलीत अंधार, दारात गोमा मढवी.
"दिव्याला चिकटला होता, म्हणून बंद केला."
काचेवर राखी पतंग, नखाएवढा.

खिडकीच्या कडीवर हात ठेवून ते थांबले.
"मुरबाड लांब आहे ना, मॅडम, इथून?"