गाय गाठ सोडत नाही

एकतीस किलो.
कापूस मोजायच्या काट्याला टांगून मोजलं.
डॉक्टर किन्नाकेंचे हात कोपरापर्यंत भरलेले,
आणि बेबीताई कुळसंगे कैरीच्या शिंगाला धरून
एकच म्हणत होती,
"माय वो, कवा खाल्लं इनं येवळं?"

सोमवारी, बाजार उठल्यावर. अजून कधी?
सडक्या वांग्यांबरोबर,
तर्रीचा तवंग आत धरून बसलेली
गाठ मारलेली पन्नी.
माणूस गाठ मारतो नि जातो.
गाय गाठ सोडत बसत नाही.

ताडपत्रीवर सगळं पसरलं.
खर्ऱ्याच्या पन्न्या, कडेला अजून सुपारीची लाली,
बियाण्याच्या थैलीचा कोपरा,
मिरचीच्या वाफ्यावर अंथरतात त्या काळ्या कागदाची चिंधी.
माशा. वास.
झाडे मॅडम कॉलेजची बादली घेऊन आल्या,
म्हणाल्या, मला अर्धा किलो द्या.
लोक हसले.

धुतलं मी. काचा धुणारा मीच, परिचर.
सात पाण्यांनंतरही
त्याला रवंथाचा वास होता.

मॅडमनी फळ्यावर साखळी काढली,
कार्बन, कार्बन, कार्बन,
फळा संपला तरी हात चालूच.
"मोरेश्वर, हे मेणच आहे. फक्त फार लांबलेलं."
पार तोडलं तर वायू होऊन उडून जाईल,
नाही तोडलं तर पन्नी ती पन्नीच.
मधे कुठंतरी थांबायचं.

कुठं, ते कळायला पावणेदोन महिने गेले.
नळी आर्णीच्या वेल्डरनं करून दिली,
खालून भट्टी, वर ओलं बारदान.
पहिल्या खेपेला लाइन गेली, तळाशी काळा डिंक.
दुसऱ्या खेपेला ताव जास्त झाला,
नळी उघडली तर आत काहीच नाही,
नुसता मॅडमचा चेहरा.
तिसऱ्यांदा
वरच्या थंड भागाला पिवळसर काही चिकटलं होतं,
वरणाची निवळी गोठावी तसं.
मी नखानं खरवडलं. मेण.

मग चिमूटभर मँगनीज, आणि माशांच्या पेटीचा पंप
दोन रात्री मेणात हवा सोडत राहिला, बुडबुड, बुडबुड.
मेण हळूहळू आंबट होतं म्हणे.
मी शेजारी बाकावर आडवा, झोप नाही,
आणि आठवत होतं,
पावसाळ्यात पऱ्हाटी ओली असली की
माय चूल पन्नीनं पेटवायची.
मीच आणून द्यायचो, उकंड्यावरून, शाळेतून येताना.
विस्तव हाच होता.
नळीला तोंड नव्हतं तेव्हा, म्हणजे होतं,
उघडं,
आणि त्याच्यासमोर मायचं.

चाळीस ग्रॅम साबण झाला. एक वडी, काडेपेटीएवढी.
मॅडमनी वहीच्या मागच्या पानावर हिशोब केला.
एकशे ब्याऐंशी रुपये.
समोरच्या दुकानात दहाला मिळतो.
आकडा त्यांनी खोडला नाही,
खाली लिहिलं: पुढच्या खेपेला नळी मोठी.

वडी मी बेबीताईला नेऊन दिली.
तिनं हुंगली. "वास कायचाच नाई."
हात धुतले, फेस आला, पाणी आळ्यात गेलं.
कैरीच्या कुशीवर टाके, हळद, आणि एक माशी.
तिनं वडीकडे मान वळवली,
नाक लावलं,
आणि ढेपेच्या घमेल्यात तोंड घातलं.

उरलेलं साडेतीस किलो
प्रयोगशाळेमागं पोत्यांत आहे.
सोमवार तर दर आठवड्याला येतो.
बाजार उठला की मी थोडा थांबतो आताशा,
गाठी सोडतो, भाजी गायींपुढे टाकतो,
पन्न्या झटकून खिशात.
बायको पँट धुताना ओरडते,
"काय जमवून राह्यले तुमी हे?"

मेण, म्हणतो मी.
फार लांबलेलं.
ती खिसा उलटा करून दगडावर आपटते.