बद्द

डुलुथला फेब्रुवारीत तळघरातच काय ते काम होतं.
भट्टी गुरगुरते, खिडकीच्या काचेला बर्फ गळ्यापर्यंत आलेलं,
आणि जुन्या चादरीवर वडलांचा ड्रमसेट:
चार नग, हिरव्या चमकीचे,
उन्हाकडची बाजू पिवळी पडलेली.
पोल्काच्या हॉलात तीस वर्षं वाजला.
आता काठी मारा, ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखा आवाज,
बद्द.

आर्वो म्हणाला, "विकून टाक, आयली.
नवा मिळतो हप्त्यावर."
माझ्या भावाला सगळं हप्त्यानेच जमतं;
बायकोही तशीच गेली,
थोडी थोडी, दर महिन्याला.

मी चावी घेतली.

आधी कातडी उतरवली. प्लास्टिकचीच ती,
पण वडील कातडीच म्हणायचे.
देवी येऊन गेल्यासारखे खड्डे सगळीकडे.
मग नुसतं लाकूड, टॉमचं,
जाड काचेवर उपडं ठेवलं, आत दिवा सोडला
आणि तळघरातला विझवला.
कडेखालून जिथे जिथे उजेड पाझरला
तिथून इतकी वर्षं सूर निसटत होता.
पेन्सिलीने खुणा केल्या. अकरा भरल्या.
काचेवर सँडपेपर चिकटवला
आणि दोन्ही हातांनी गोल, जात्यासारखं फिरवत राहिले;
थोडं फिरवायचं, पुन्हा अंधार करून पाहायचं.
मनगटावर मेपलचं पीठ.
चौथ्या रात्री उजेड आतच राहिला.

नटांच्या पोटातल्या स्प्रिंगा खुळखुळत होत्या.
त्यांच्यात कापूस कोंबला,
वडलांच्या हृदयाच्या गोळ्यांच्या बाटल्यांतला.
तो मी का जपून ठेवला होता, कोण जाणे.

स्नेअरच्या वीसपैकी तीन तारा वाकड्या. कापल्या.
मोठा टॉम मात्र शेवटपर्यंत कणसूर बोलला.
एक स्क्रू, मग त्याच्या समोरचा;
शेजाऱ्याला लगोलग पिळायचं नाही, रुसतो.
कडेपासून दोन बोटांवर टिचकी,
कान खाली,
भट्टी बंद होईपर्यंत श्वास धरून.
थंडीने बोटं मेली, मग पुन्हा भट्टी.

बास ड्रम शेवटी उघडला.
पुढचं कातडं सैल झालं
आणि आतून तपकिरी लोकर बाहेर आली,
आधी एक बाही, मग गळपट्टी.
आईचा कोट.
मी जन्मले त्या हिवाळ्यात
ती मावशीचा कोट घालून चर्चला जायची
आणि आपला चोरीला गेला
असं मरेपर्यंत सांगत राहिली.
संशय लेम्पीवर, शेजारच्या.
लेम्पीच्या दफनालाही गेली नाही.

आत लाकडावर सुताराच्या पेन्सिलीने एकच शब्द:
हिल्या.
आमच्या घरच्या भाषेत, हळू.
खाली तारीख. माझ्या जन्मानंतरचा तिसरा आठवडा.

म्हणजे ही तळघरातली तालीम,
आणि वर पाळण्यात मी.
मी अकरा जागी गळती शोधत बसले होते,
आणि माणसाने स्वतःच, हाताने,
ढोलाचं पोट बुजवून ठेवलं होतं.
नंतर काढायचं राहून गेलं.
की मी झोपले याची त्याला
कधी खात्रीच वाटली नाही?

रिकाम्या ढोलावर पेडल मारलं.
लोणच्याच्या बरण्या फळीवर थरथरल्या.
घुमारा उठला तो बसेचना,
जिन्याखाली गेला, पाईपांत शिरला, परत आला.
इतका कशाला हवा, असंही वाटलं.

गार पडलं होतं. कोट अंगात घातला.
खांद्यात आवळतो, एक बटण नाही,
वास धुळीचा आणि जुन्या डांबरगोळ्यांचा.
कोपर नीट वळत नव्हतं
तरी वाजवलं, साधंच, दोन-चार फेऱ्या,
बास, स्नेअर, बास, बास, स्नेअर.

वरून आर्वोने पाय आपटला, बंद कर म्हणून.
पुन्हा आपटला.
बरोबर स्नेअरवर.