उलट्या अक्षरांची नोकरी

छावणीतल्या मिशनच्या छापखान्यात
मी बावीस वर्षं खिळे जुळवले.
शिशाचं अक्षर उलटं असतं, आरशातल्यासारखं.
सरळ कागद हाती आला की
अजून क्षणभर अडखळतो.

त्या थंडीत एक पत्र जुळवायला आलं,
पुस्तकाच्या शेवटाकडचं, जेमतेम दीड पानाचं.
पळालेला एक माणूस, त्याचा धनी,
आणि तुरुंगात बसून दोघांच्या मध्ये पडलेला एक म्हातारा.
ड्रमंड साहेबांनी एका शब्दाखाली रेघ मारली होती.
'प्रभुदास, याला तुमच्या मराठीत काय म्हणतात?
सेवक? चाकर?'
म्हटलं, विचारून सांगतो.

साहेब कॅनडाचे. त्यांची आजी
नदीच्या काठी रात्रभर कंदील धरून उभी राहायची,
पलीकडून पळून येणाऱ्या होड्यांसाठी.
काखेत हेच पुस्तक,
समुद्र दुभंगतो त्या पानावर खूण घातलेली.

त्याच आठवड्यात बंगल्यावर पाहुणे होते, जॉर्जियाचे,
गोड बोलणारे, पोरांना खडीसाखर वाटणारे.
त्यांच्या आजोबांच्या कापसात
दर रविवारी पाद्री झाडाखाली उभा राहायचा
आणि हेच पुस्तक दुसरीकडे उघडायचा:
धन्याचं ऐका, तो मारकुटा असला तरी ऐका,
राहिलेली मजुरी वर मिळेल.
जेवणाच्या टेबलावर दोघांची जुंपली.
बटलर इनास मला सांगत होता,
'दोघंही एकाच पुस्तकावर बोट आपटत होते.
सूप गार झालं. मी दोनदा गरम करून आणलं.
मला कोणी बस म्हटलं नाही.'

आई मिशनच्या दवाखान्यात पट्ट्या धुवायची.
खान नदीच्या उतारावर तिची खोली.
तिला शब्द विचारला.
हातातलं फडकं पिळून होईपर्यंत बोलली नाही.
मग म्हणाली,
'चाकराला पगार असतो.
दासी कीर्तनात असते.
मी बटीक होते.'

आठ वर्षांची होती. सरदारांच्या लेकीबरोबर
आंदण म्हणून इंदुरात आली.
तांब्याची भांडी, दोन म्हशी, एक पोर.
यादी तिच्याच कमरेला बांधली होती,
कारण नवरी मेण्यात झोपली होती.
'सोनकी, वय आठ, दात पूर्ण.
कारकुनानं वाचून दाखवलं. हसत होता मेला.'

माझ्या बाप्तिस्म्याच्या वेळी, म्हणे,
माझ्या डोक्यावरचं पाणी निथळायच्या आत
तिनं पाद्र्याला विचारलं होतं,
'यातला दास काढून दुसरं नाव नाही का?'
मंडळी हसली. नाव राहिलं.

मी तिला पत्र वाचून दाखवलं.
तो पळालेला माणूस हे पत्र स्वतःच घेऊन
परत धन्याकडे चालला आहे, इथे तिनं थांबवलं.
'म्हणजे त्याची यादी त्याच्याच कमरेला?'
'यादी नाही. लिहिलंय, याला आता भाऊ म्हणून घे.'
'सोडून दे, असं लिहिलंय?'
मी पुन्हा पाहिलं.
'तसं स्पष्ट नाही.'
'मग धन्यानं काय केलं?'
'ते लिहिलेलं नाही, आई.'
'त्याला वाचता येत होतं का?'
तेही नव्हतं.

मी 'गुलाम' जुळवलं.
प्रूफ पाहून साहेब बराच वेळ गप्प.
'शब्द खरा आहे,' म्हणाले,
'पण राजवाड्यातून जागेची परवानगी यायची आहे.'
कंदिलाच्या त्या आजीचा नातू.
समासात 'दास' लिहिलं आणि माझ्याकडे न बघता गेले.

काढलेले खिळे मी केसमध्ये टाकले नाहीत.
खिशात घालून आईकडे नेले.
तिनं तळहातावर तोलून पाहिले,
'एवढासाच?'
आणि धुण्याच्या ओल्या साबणात
मी दाखवलं त्या क्रमानं एकेक दाबले.
सरळ उमटलं.
तिला वाचता येत नव्हतं, पण बोट फिरवलं.

मग त्याच साबणानं पट्ट्या धुवायला बसली.
तिसऱ्या दिवशी खिळे परत दिले, पुसून, फडक्यात बांधून.
'ठेव जागेवर. मिशनचे आहेत.'